ईयूएसने स्वादुपिंडाची गाठ रिकामी करताना या चुका टाळा

स्वादुपिंडाला सूज येऊन गेली की कधीकधी शेजारी द्रवाची गाठ साचते. ईयूएसच्या (एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड) दुर्बिणीला टोकाशीच सोनोग्राफी असते. जठराच्या आतून गाठ पाहत तिला छिद्र पाडतात, स्टेंट म्हणजे छोटी नळी बसवतात आणि द्रव जठरात उतरतो. पोट उघडावं लागत नाही. घोटाळे होतात ते आधी आणि नंतर.

घाई करू नका. गाठीची भिंत पक्की व्हायला साधारण ४ आठवडे लागतात. कच्च्या भिंतीतून द्रव पोटात सांडू शकतो. गाठ नुसती मोठी आहे म्हणून काढायचा आग्रहही नको. दुखणं, उलट्या, कावीळ, ताप नसेल तर ती अनेकदा आपोआप जिरते.

खानापूर-अथणीकडून बेळगावला किंवा पुढे मिरज-कोल्हापूरला जाताना सीटीचा नुसता कागद नको, सीडीही न्या. गाठीत रक्तवाहिनीचा फुगा आहे का, गाठ जठरापासून १० मिलिमीटरच्या आत आहे का, हे डॉक्टरांना स्वतः पाहायचं असतं. पहाटेच्या एसटीआधी घेतलेला दुधाचा चहासुद्धा भुलेआधीचा उपवास मोडतो. भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. रक्त पातळ ठेवणारी क्लोपिडोग्रेलची गोळी सहसा ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. हृदयात नुकताच स्टेंट बसला असेल तर परस्पर गोळी बंद करणं जिवावर बेतेल.

सगळ्यात महागात पडते ती पुढची चूक. स्टेंट धातूचा की प्लास्टिकचा, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दोन्ही टोकांना पसरट असलेला धातूचा स्टेंट साधारण ३ ते ४ आठवड्यांत काढावाच लागतो. गाठ आक्रसली की त्याचं आतलं टोक समोरच्या भिंतीवर घासतं, रक्तवाहिनी फाटू शकते, किंवा स्टेंट भिंतीतच रुतून बसतो. नेमकं तेव्हा रुग्णाला बरं वाटत असतं, शेतात ऊसतोड चालू असते आणि तारीख पुढे ढकलली जाते. ढकलू नका. प्लास्टिकचे स्टेंट मात्र काहींना मुद्दाम जास्त दिवस ठेवतात.

गाठीत कुजलेला भाग असेल तर तो जठरातल्या आम्लाने विरघळावा म्हणून काही डॉक्टर पित्ताची गोळी थांबवतात. मेडिकलमधून आणून ती पुन्हा सुरू करू नका. थंडी वाजून ताप आला तर स्टेंट तुंबला असण्याची शक्यता असते, पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर गावात सलाईन लावून सकाळची वाट बघू नका. रात्रीच एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि ते कार्ड सोबत न्या.