बोर्डिंगात एक दिवस हील्डटाउनचा

१८ जुलैला, नेल्सन मंडेलांच्या जयंतीला, त्यांच्या फोटोला हार आणि पाहुण्यांचं भाषण, हे मी आमच्या बोर्डिंगात बंद केलं. पोरं जांभया द्यायची. आता त्या दिवशी हील्डटाउनचं वेळापत्रक लावतो. दक्षिण आफ्रिकेत फोर्ट ब्युफर्टजवळची ही मेथडिस्ट मिशनची निवासी शाळा, १८५५ची. १९३७ साली १९ वर्षांचे मंडेला तिथं दाखल झाले. वर्णभेदाविरुद्ध लढलेले रॉबर्ट सोबुक्वेही तिथलेच. कुणा रेक्टरांना करून बघायचं असेल तर सांगतो.

सुरुवात आदल्या दिवशी, स्वयंपाकघरातून. हील्डटाउनला दुपारी सॅम्प म्हणजे भरडलेला मका, घेवडा आणि आंबट दूध असायचं; मांस क्वचित. गिरणीवाल्याला बजावा, पीठ नको, दाण्याचे तीन-चार तुकडे पुरेत. मका आणि घेवडा रात्रीच भिजत घाला. पहिल्या वर्षी मी सकाळी घातला आणि दीड वाजेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलो. आंबट दुधाच्या जागी घट्ट ताक चालतं.

सकाळी ६ ला घंटा. पितळीच हवी, मोबाईलचा अलार्म नको. ६.४० ला पंगत. नाश्त्याला कोरडा पाव आणि साखर घातलेलं गरम पाणी. आमच्या मावशी पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, "साखरपाणी? पोरं आजारी हायत व्हय?" तेव्हा त्यांना आधी विश्वासात घ्या.

जेवणघरात इंग्लंडच्या राजाची, सहाव्या जॉर्जची तसबीर होती. आमच्याकडे शाहू महाराज आहेत, त्यांना मी उतरवत नाही. राजाचं चित्र छापून जरा खाली लावतो.

आता लोणी. ऐपत असलेली मुलं लोणी विकत घेऊन स्वयंपाकघरात ठेवत. मंडेला कोरडाच पाव खात. म्हणून चिठ्ठ्या टाकून पाचच जणांना लोणी द्या आणि काही बोलू नका. मागच्या वर्षी लोणीवाला एक पोरगा भिंतीकडं तोंड करून खात होता. एरवी वर्गात तोच सगळ्यात जास्त बडबडतो.

८ ला रांग; जुलैत मैदानात चिखल, तेव्हा व्हरांड्यातच. पुढं वर्ग, ५ पर्यंत अभ्यास, तासाभरात खेळ आणि जेवण, ७ ते ९ पुन्हा अभ्यास, ९.३० ला दिवे बंद. यात पोरांना नवल वाटत नाही, आमचंही तेच आहे.

अभ्यासाच्या वेळेतला अर्धा तास मात्र काढा. हील्डटाउनच्या सभागृहात मंचामागं एक दार होतं, त्यातून फक्त प्राचार्य डॉ. वेलिंग्टन यायचे. एके दिवशी त्याच दारातून मंडेलांच्याच खोसा समाजातले कवी म्खायी आले (नावातला जिभेचा टक् मला जमत नाही), अंगावर बिबट्याचं कातडं, दोन्ही हातांत भाले. गोऱ्या प्राचार्यांच्या दारातून आपला माणूस आला, यानं मुलं थक्क झाली. आम्ही शाहिरांना बोलावतो, पण आगाऊ कळवत नाही, आणि ते माझ्या ऑफिसच्या दारातून डफ वाजवतच येतात.

नंतर फळ्यावर दोन सालं लिहा. १९०१, कोल्हापुरात शाहू महाराजांनी काढलेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग. १९५३, बांटू एज्युकेशन ॲक्ट, ज्यानं मिशनच्या शाळांचं अनुदान आटवून आफ्रिकनांचं शिक्षण सरकारी खात्याकडं ओढलं. बोर्डिंग कुणाच्या पैशावर चालतं, एवढंच विचारा. उत्तरं लगेच फळ्यावर लिहू नका, पोरं तीच उतरवून घेतात.

मका उरतोच. दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकून वर कांदा-लसूण चटणी घाला, भांडं रिकामं होतं.