पासवर्ड मॅनेजर घेताना आधी हे विचारा

उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात डोकावलं तर मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पिवळी चिठ्ठी हमखास दिसते. तिच्यावर जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, खाली मालकांच्या ईमेलचाही. काहीजण हीच यादी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवतात.

त्यापेक्षा पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारं ॲप; ते एकाच मास्टर पासवर्डने उघडतं. निवडताना एकच गोष्ट नीट तपासा: मास्टर पासवर्ड विसरला तर कंपनी तो सांगू शकते का? सांगू शकत असेल, तर तुमची किल्ली तिच्याकडेही आहे. असलं ॲप नकोच.

लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून २०२२ साली ग्राहकांच्या व्हॉल्टचे, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीचे, बॅकअप चोरीला गेले. आतले पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे होते, वेबसाइटचे पत्ते मात्र उघडेच. असा डेटा हाती लागला की चोर निवांत बसून मास्टर पासवर्डचे अंदाज लावत राहतो. म्हणून हा पासवर्ड लांबलचक हवा; एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या. 'रंकाळा१२३' म्हणजे दार सताड उघडं ठेवणंच की!

बिटवॉर्डनची फुकट आवृत्ती बहुतेकांना पुरते. मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालते. क्लाउड, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरची साठवण, नकोच असेल तर कीपासएक्ससी घ्या. त्यात सगळं एका एन्क्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये, तुमच्याच मशीनवर राहतं. पेन ड्राइव्हवर तिची कॉपी काढायचं काम मात्र तुमचं. दोन्हींचा सोर्स कोड खुला आहे, म्हणजे ॲप आतून कसं चालतं ते कोणालाही तपासता येतं.

मास्टर पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट चिकटवून घरच्या कपाटात ठेवा आणि घरातल्या एकाला जागा सांगून ठेवा. मॉनिटरवरची चिठ्ठी त्याच दिवशी फाडा, आणि तिच्यावरचे पासवर्डही बदला.