स्वीट पीचं बी पेरण्याआधी एक करा

स्वीट पी या सुवासिक फुलांच्या वेलाचं बी उगवत नाही, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बहुतेक वेळा बी वाईट नसतं, त्याची साल टणक असते. पेरायच्या आदल्या रात्री बिया कोमट पाण्यात भिजत घाला. सकाळी काही टम्म फुगलेल्या दिसतील, काही मिऱ्यासारख्या तशाच कडक. त्या कडक बियांना नेलकटरने सालीवर बारीकसा छेद द्या. बियांवरचा डोळा (बी शेंगेला जोडलेलं असतं तिथली खूण) मात्र सांभाळा. पुन्हा चार-पाच तास भिजवल्या की त्याही फुगतात.

आपल्याकडे पेरणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर. याला थंडी हवी. उशीर झाला तर फुलं येईतो ऊन तापतं. मुळं खोल जातात म्हणून कुंडी किमान फूटभर खोल घ्या, बी इंचभर खाली पेरा. तीन-चार पानांच्या जोड्या आल्या की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण फुटवे त्यानेच येतात. वेलाला सुतळी किंवा जाळी लगेच द्या.

फुलं रोज काढा, शेंगा धरल्या की बहर ओसरतो. आणि घरात लहान मुलं असतील तर नीट लक्ष ठेवा: शेंगा मटारसारख्या दिसतात, पण विषारी असतात.