मॉनिटरची ईसीजी केबल: कापण्यापासून सिम्युलेटरपर्यंत

रुग्णाच्या मॉनिटरसाठी बदली ईसीजी केबल बनवायची असेल, तर मूळ केबल हातात असल्याशिवाय काम घेऊ नका. कनेक्टर बाहेरून सारखा दिसतो, पण ६ पिनी असो की १२ पिनी, आतली जोडणी कंपनीगणिक बदलते. प्रत्येक पिन ते प्रत्येक लीड (रुग्णाकडे जाणारी तार) मोजून तक्ता लिहून ठेवा, तोही ओहम रेंजवर. बऱ्याच केबलमध्ये प्रत्येक लीडच्या वाटेत १ किलोओहम किंवा त्याहून मोठा रेझिस्टर असतो. तिथे मीटरचा बझर वाजत नाही आणि चांगली तार तुटलेली समजली जाते. लीडकडे न जाणाऱ्या पिनाही आपसांत तपासा. काही मॉनिटर तीन लीड की पाच, हे त्यांतल्या जंपरवरूनच (दोन पिना जोडणाऱ्या तारेवरूनच) ओळखतात.

रेझिस्टर गाळायचा नाही. डिफिब्रिलेटरचा (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचा) शॉक देताना मॉनिटरकडे वळणारा प्रवाह तो आवरतो. आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा मानकाप्रमाणे अशा भागांची चाचणी ५ किलोव्होल्टवर होते, तेव्हा पाव वॅटचा साधा मेटल फिल्म रेझिस्टर चालणार नाही. मूळ मूल्याचा, पल्स सोसणारा घ्या. स्वस्तातली केबल पहिली काटछाट इथेच करते, आणि रोजच्या वापरात ती कुणाला कळतही नाही.

आता वायर. प्रत्येक कोर (आतली तार) वेगळा शिल्ड केलेला, म्हणजे धातूच्या वेढ्याने झाकलेला हवा आणि शिल्डखाली काळा कार्बनी थर हवा. केबल हलली की इन्सुलेशन आणि शिल्डच्या घर्षणातून विद्युतभार तयार होतो. हा थर तो वाहून नेतो. थर नसेल तर रुग्णाने कूस बदलताच पडद्यावरची रेघ नाचते. पण सोलताना हाच थर गोत्यात आणतो. शिल्ड मागे घेतल्यावर तो आणखी ५-६ मिमी मागेपर्यंत काढा. काही वायरींत तो सालीसारखा निघतो, काहींत सॉल्व्हंटने पुसावा लागतो. ब्लेडने खरवडलं तर इन्सुलेशनला चीर जाते. थराचा एक पापुद्रा उघड्या तांब्याला टेकला तरी कोर आणि शिल्डमध्ये गळती होते. साध्या मीटरवर ती निसटू शकते, म्हणून मोल्डिंगआधी (प्लास्टिकचं आवरण ओतण्याआधी) मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्टवर इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरवर बघा. त्या वेळी केबल मॉनिटरला लावलेली नसावी, हे सांगायला नको.

लीडच्या टोकाला शक्यतो क्रिंप करा, म्हणजे धातूचं टोक तारेवर दाबून बसवा. सोल्डर तारेत वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि त्याच्या काठावरच तार तुटते. वायरीत ओढ सोसणारा ॲरामिड धागा असेल तर तो कनेक्टरच्या आत गाठ मारून अडकवा, म्हणजे ओढ तांब्यावर येत नाही.

आवरणाला टीपीयू (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) बरा. पीव्हीसी स्पिरिटने रोज पुसल्यावर कडक होत जातो. मात्र टीपीयू साधारण १९० ते २१० अंशांवर ओतला जातो आणि ६३/३७ सोल्डर १८३ लाच वितळतो, म्हणून सांध्यांवर आधी कमी दाबाने पॉलिथिनचा आतला मोल्ड घ्या. बडोद्याच्या पावसाळ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये उघडी राहिलेली टीपीयूची पिशवी ओल धरते. दाणे ८०-९० अंशांवर दोन-तीन तास वाळवले नाहीत, तर स्ट्रेन रिलीफमध्ये (वायर कनेक्टरमध्ये शिरते तिथल्या लवचीक बाहीत) बुडबुडे राहतात आणि तो तिथेच फाटतो.

रंगांची एकच पद्धत धरा. आयईसीच्या पद्धतीत लाल म्हणजे उजवा हात, अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या (एएचए) पद्धतीत लाल म्हणजे डावा पाय. एका संचात दोन्ही मिसळले तर वॉर्डात लीड चुकीच्या जागी लागणारच. रुग्णाकडच्या लीडचा कनेक्टर टचप्रूफ, डीआयएन ४२८०२ चा १.५ मिमीचा घ्या. उघडी पिन नको.

विक्रीसाठी बनवायची असेल तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. उपकरणाचा वर्ग आधी पाहून घ्या. ए आणि बी वर्गाच्या उत्पादन परवान्यासाठी अर्ज एमडी-३ आणि परवाना एमडी-५, आणि गुजरातेत तो एफडीसीए (राज्याचं अन्न व औषध प्रशासन) देते.

शेवटी सिम्युलेटरवर (रुग्णाऐवजी कृत्रिम ईसीजी देणाऱ्या यंत्रावर) १ मिलिव्होल्ट, ६० ठोके लावून एकेक लीड काढा. दरवेळी मॉनिटरने ‘लीड ऑफ’ दाखवलंच पाहिजे. मग प्रत्येक स्ट्रेन रिलीफपाशी केबल दोन्ही बाजूंना वाकवून रेघ बघा. क्षणभर जरी सुटली तरी ती केबल बाजूला ठेवा.