क्ष-किरणांच्या कड्यांवरून धुळीचं अंतर कसं काढायचं

सरावाला मी मुलांना 9 ऑक्टोबर 2022 चा जीआरबी (गॅमा-किरणांचा स्फोट) 221009ए हाच स्फोट देते. तारा फुटला सुमारे 2 अब्ज प्रकाशवर्षांवर, पण त्याच्याभोवती दिसलेल्या कड्या आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीच्या. सरळ निघालेले क्ष-किरण आधी पोचले; धुळीने जरासे वळवलेले लांबच्या वाटेने मागून आले. उशीर किती आणि कडी केवढी, एवढं कळलं की धुळीचं अंतर निघतं.

नासाच्या स्विफ्ट उपग्रहावरच्या एक्सआरटी या क्ष-किरण दुर्बिणीच्या फाइली नासाच्या संग्रहात फुकट मिळतात. फोटॉन काउंटिंग मोडचीच, म्हणजे पूर्ण द्विमितीय चित्र देणारी, घ्या. विंडोड टायमिंग या दुसऱ्या मोडमध्ये चित्राला दुसरी मिती नसते, कडी दिसणारच नाही. डीएस9 या चित्रं पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पीआय (फोटॉनच्या ऊर्जेचा क्रमांक) 100 ते 400, म्हणजे 1 ते 4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, एवढेच फोटॉन ठेवा.

वेळ मोजायची ती फर्मी या गॅमा-किरण उपग्रहाने स्फोट टिपला तेव्हापासून: 13:17, जागतिक वेळ. स्विफ्टला तो 14:10 ला दिसला. ती वेळ धरलीत तर पहिल्या दिवशीचं अंतर जवळपास 4 टक्के कमी येतं.

आता सूत्र. 64,700 ला उलटलेल्या दिवसांनी गुणा आणि कडीच्या त्रिज्येच्या (आर्कमिनिटांत) वर्गाने भागा, उत्तर प्रकाशवर्षांत. एका दिवसाने त्रिज्या 8 आर्कमिनिट, म्हणजे साधारण 203 पिक्सेल, भरली तर धूळ हजारेक प्रकाशवर्षांवर. चार दिवसांनी तीच कडी पौर्णिमेच्या चंद्राएवढी होते! त्रिज्येचा वर्ग होतो, म्हणून त्रिज्येतली 5 टक्के चूक अंतरात 10 टक्के होते.

पण चित्रावर पट्टी लावून मोजू नका. निरीक्षण सहा तास चाललं तर 8 ची कडी तेवढ्यात जवळजवळ 9 ची होते आणि फराटा उमटतो. त्यापेक्षा प्रत्येक फोटॉनची स्वतःची वेळ आणि केंद्रापासूनचा कोन घेऊन सूत्रात टाका, आणि निघालेल्या अंतरांचा आलेख काढा. पायथनमध्ये थोड्याच ओळींचं काम आहे. एकाच थरातले फोटॉन कधीही आलेले असोत, एकाच अंतरावर गोळा होतात आणि शिखर उभं राहतं. पार्श्वभूमीचे फोटॉन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरत जातात, म्हणून शिखर ओळखू येतं. मला तरी या सगळ्यात हा आलेख सर्वांत सुंदर वाटतो.

स्रोत आकाशगंगेतलाच असेल, जसा जून 2015 मध्ये भडकलेला व्ही404 सिग्नी (कृष्णविवर आणि ताऱ्याची जोडी), तर आणखी एक पायरी. सूत्राचं उत्तर आणि स्रोताचं अंतर यांचा गुणाकार त्यांच्या बेरजेने भागा. व्ही404 सुमारे 7,800 प्रकाशवर्षांवर आहे; सूत्रानेही 7,800 आलं, तर धूळ 3,900 वर.