जिन, स्ट्रॉबेरी आणि भरपूर बर्फ: उन्हाळी कॉकटेल घरी कसं करावं

फळांचं कॉकटेल म्हटलं की आपण सगळा जीव फळात ओततो. मीही ओतला होता. पहिल्या खेपेला पाव किलो स्ट्रॉबेऱ्या मिक्सरमधून फिरवल्या आणि तो लगदा थेट जिनमध्ये घातला. वर गुलाबी फेस, मध्ये पाणी, तळाशी चिखल आणि दातात बिया! नंतर लक्षात आलं की फळ आपोआप चांगलं लागतं, गडबड होते ती आंबटपणात आणि बर्फात. म्हणून त्या दोन गोष्टींवर जरा जास्त बोलणार आहे.

एका उंच ग्लासाचं माप असं: जिन ५० मिली, ताज्या लिंबाचा रस २५ मिली, स्ट्रॉबेरीचा पाक २५ मिली, सोडा साधारण ८० मिली, चिमटीत मावेल त्याहून कमी मीठ आणि बर्फ. हा सांगाडा जुनाच आहे. जिन, लिंबू, साखर आणि सोडा म्हणजे टॉम कॉलिन्स, आणि त्याची कृती जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या १८७६ सालच्या पुस्तकात छापलेली आहे. आपण फक्त साध्या साखरेच्या जागी फळाचा पाक घालतो.

आदल्या रात्रीचं काम: पाक

स्ट्रॉबेरीचा पाक गॅसवर करू नका. शिजवलेल्या स्ट्रॉबेरीला जॅमचा वास येतो, आणि उन्हाळ्यात आपल्याला हवा असतो तो कच्च्या फळाचा. २०० ग्रॅम स्ट्रॉबेऱ्या धुऊन, देठ काढून चार-चार फोडी करा. त्यावर १०० ग्रॅम साखर आणि एका लिंबाची किसलेली साल घाला. फक्त पिवळी साल किसायची, खालचा पांढरा भाग कडू असतो. सगळं हलवून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. तासाभरात फोडींच्या कडा मऊ पडतात आणि भांडं तिरकं केलं की तळाशी लाल रस जमलेला दिसतो. सकाळपर्यंत फोडी आक्रसून फिक्या होतात आणि पाक माणकासारखा चमकायला लागतो. तळाशी साखर उरली असेल तर चमच्याने ढवळून विरघळवा आणि मग गाळून घ्या. गाळताना फोडी दाबायच्या नाहीत, नाहीतर पाक गढूळ होतो. एवढा पाक चार ग्लासांना आरामात पुरतो. फ्रिजमध्ये चारेक दिवस ठेवायला हरकत नाही.

जिन कोणती

लंडन ड्राय घ्या. हे गावाचं नाव नाही, पद्धतीचं आहे. ही जिन लंडनमध्येच बनायला हवी असं काही नसतं, मात्र ऊर्ध्वपातन झाल्यावर तिच्यात वेगळा स्वाद किंवा रंग घालता येत नाही. जिनला जिनपण येतं ते जुनिपर या झुडपाच्या फळांमुळे, आणि त्याचा तो राळेसारखा, किंचित कडवट वास गोड फळाला आवर घालतो. बाटलीतच गुलाबी आणि फळांच्या स्वादाची असते ती जिन इथे नको. ती बहुतेक वेळा आधीच गोड असते, वर आपला पाक पडला की तोंड मिटतं. महागड्या, नाजूक जिनचीही गरज नाही, लिंबापुढे तिची नजाकत कुणाला कळत नाही.

हलवणं

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालते. जिन, लिंबाचा रस, पाक आणि मीठ त्यात घाला. लिंबू त्याच वेळी पिळा. बाटलीतल्या रसाने हे पेय सपाट होतं, आणि इथे काटकसर करण्यात अर्थ नाही. मीठ खारटपणासाठी नसून कडवटपणा दबावा आणि फळ पुढे यावं म्हणून असतं.

आता एक थेंब चमच्यावर घेऊन चाखा. बर्फाविना ते थोडं जास्तच गोड आणि जास्तच आंबट लागायला हवं. थंडीने गोडी कमी जाणवते आणि बर्फाचं पाणीही मिसळणार असतं, त्यामुळे इथेच ‘अगदी बरोबर’ लागलं तर ग्लासात ते मिळमिळीत होणार.

शेकर दोन तृतीयांश बर्फाने भरा. बर्फ फ्रीझरमधून थेट काढलेला, कोरडा असावा. बाहेर ठेवून ओला झालेला बर्फ थंड कमी करतो आणि पाणी जास्त सोडतो. झाकण दाबून १२ ते १५ सेकंद जोरात हलवा. धातूच्या शेकरवर बाहेरून दव धरलं आणि हाताला चटका लागल्यागत गार लागलं की थांबा. वितळलेलं पाणी ही चूक नव्हे, तोही एक घटकच आहे. ते नसेल तर घोट घशाला लागतो.

सोडा शेकरमध्ये घालू नका. मी एकदा घाईत घातला होता. झाकण छताला लागलं आणि भिंतीवरचे गुलाबी शिंतोडे पुसायला कॉकटेल करण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

ग्लास भरणं

उंच ग्लास ताज्या बर्फाने काठोकाठ भरा. लोक पेय पातळ होईल म्हणून दोनच खडे टाकतात आणि नेमकं तेच होतं, कारण थोडा बर्फ पटकन वितळतो आणि भरपूर बर्फ एकमेकाला गार ठेवतो. शेकरमधलं पेय गाळून ओता, वरून फ्रिजमधला थंड सोडा कडेने सावकाश सोडा आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. जास्त ढवळलं तर बुडबुडे जातात. पुदिन्याची काडी दोन तळव्यांमध्ये एकदा थापटून वर खोचा. कुस्करू नका, पानं कडू होतात.

फळ बदलायचं असेल तर

रास्पबेरी मुळातच आंबट असते, तिथे लिंबू २० मिली पुरे. पीच साखरेत छान मुरतं. कलिंगडाचं मात्र वेगळं आहे. ते साखरेत मुरवलं तर नुसतं पाणी सुटतं, आणि त्यात आंबटपणा जवळपास नसतोच. त्याचा ताजा रस ५० मिली, साधा पाक १५ मिली, लिंबू ३० मिली घ्या आणि सोडा निम्मा करा. ब्लॅकबेरी मिळाली तर बारटेंडर डिक ब्रॅडसेल यांनी १९८० च्या दशकात लंडनमध्ये केलेलं ब्रॅम्बल नावाचं कॉकटेल आठवा. त्यात सोडा नाही. बारीक फोडलेल्या बर्फावर जिन, लिंबू आणि साखर, आणि वरून ब्लॅकबेरीचं लिकर, म्हणजे फळाच्या स्वादाची गोड दारू.

पाहुणे असतील तर जिन, पाक आणि रस त्याच दिवशी बाटलीत एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. शेकर वापरणार नसाल तर दर ग्लासामागे २५ मिली थंड पाणीही त्यात घाला, म्हणजे बर्फाच्या पाण्याची भरपाई होते.

एक हिशेब सांगून ठेवतो. ४० टक्क्यांची ५० मिली जिन म्हणजे २० मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजेच ५ टक्क्यांची ४०० मिली बिअर. चवीला सरबत असल्यामुळे दुसरा ग्लास कधी संपला ते कळत नाही, तेव्हा गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याकडे द्या. न पिणाऱ्यांसाठी जिन वगळून सोडा दीडपट करा आणि काकडीच्या दोन चकत्या घाला. काकडीच्या वासाने जिनची उणीव बरीच भरून निघते.

आणि पाक गाळून उरलेल्या त्या फिक्या फोडी फेकू नका. त्यांत दारू नसते, गोडी मात्र असते. व्हॅनिला आइस्क्रीमवर घालून मुलांना द्या.