भाड्याच्या किचनमधून डबे देताय? सोलापुरात या चुका टाळा

डब्याचा धंदा चवीमुळे क्वचितच बुडतो. सोलापुरात हाताला चव असणाऱ्यांची वानवा नाही. धंदा बसतो तो दोन ठिकाणी. एक, चूल पेटायच्या आधी केलेल्या भाडेकरारात. दोन, गॅस बंद केल्यापासून गिऱ्हाईक डबा उघडेपर्यंतच्या तासांत. खालचे सगळे हिशेब चाळीस डबे आणि फक्त दुपारची वेळ धरून केले आहेत. साठ-सत्तरच्या वर गेलात की गणित बदलतं.

जागा बघताना फक्त ओटा आणि भट्टी बघणं

भाड्याने मिळणारं किचन साधारण तीन प्रकारचं असतं: बंद पडलेलं हॉटेल, सकाळी रिकामी असणारी खानावळ, नाहीतर मंगल कार्यालयाचा भटारखाना. भटारखाना स्वस्त पडतो आणि भांडीही मोठी मिळतात. पण लग्नतिथीच्या दिवशी तो तुमचा नसतो, आणि तिथी एप्रिल-मेमध्ये एकावर एक येतात. करार करण्याआधी वर्षाच्या बुकिंगची वही मागा. ज्या दिवशी जागा मिळणार नाही त्या दिवसाचं भाडं वजा होईल, हे कागदावर घ्या.

पाणी हा सोलापुरातला पहिला प्रश्न. नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. स्वयंपाक, धुणं, फरशी असं सगळं धरून डब्यामागे दहा लिटर लागतात, म्हणजे दिवसाला ४०० लिटर. मध्ये पाच दिवस गेले तर २००० लिटर. गच्चीवर हजाराची टाकी असेल आणि तीही संध्याकाळच्या भाडेकरूबरोबर वाटून घ्यायची असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच टँकर बोलवावा लागेल. तो खर्च कुणाचा, हे आधी ठरवा.

बोअरच्या पाण्यावर तर आणखी एक भानगड होते. पाणी जड असेल तर तूरडाळ शिजत नाही. पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळीचा गर घट्ट राहतो. शिट्ट्या वाढवल्या तरी दाणा मऊ होत नाही, नुसता गॅस जातो. सोडा टाकला की डाळ गळते, पण आमटीला साबणासारखी चव येते. उपाय साधा आहे. डाळ भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी वापरा, बोअरचं पाणी भांडी-फरशीला ठेवा. जागा बघायला जाताना पावशेर डाळ सोबत घेऊन जा आणि तिथल्या पाण्यात तिथेच शिजवून बघा. मालकाला विचित्र वाटेल, वाटू द्या.

भाडं महिन्याचं धरायचं आणि डबा रोजचा

समजा भाडं १२,००० आहे आणि महिन्याला २६ दिवस डबे जातात. चाळीस डब्यांवर हे डब्यामागे साडेअकरा रुपये होतात. पहिले दोन महिने मात्र पंचवीसच डबे असतात, तेव्हा हाच आकडा साडेअठरावर जातो. दर चाळीसवर ठरवून सुरुवात पंचवीसवर केली की सात रुपये रोज प्रत्येक डब्यातून खिशाबाहेर जातात. सुरुवातीला भाडं तासावर किंवा डब्यावर ठरतंय का ते विचारा. अनामत तीन महिन्यांच्या वर देऊ नका. दिवाळी आणि मे महिन्यात विद्यार्थी गावी जातात, त्या दोन महिन्यांचं भाडं बाकीच्या दहा महिन्यांत वाटून धरा.

गॅसचा हिशेब तोंडी ठेवणं

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यात चालत नाही, १९ किलोचाच लागतो. पकडलं तर दंड आहेच, शिवाय काही अघटित घडलं तर विमाही हात वर करतो.

एकाच किचनमध्ये दोघे-तिघे असले की पहिलं भांडण गॅसवरून होतं. यावर वजनकाटा ठेवा. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. पाळी सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा सिलिंडर काट्यावर ठेवायचा, वजा केलं की तुमचा गॅस कळतो. विजेचं मीटर रीडिंगही तसंच, मोबाइलवर फोटो काढून. सिलिंडरच्या कड्याच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असतं, तीही नजरेखाली घाला. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. ती पुढच्या तपासणीची मुदत असते. उलटून गेली असेल तर सिलिंडर परत करा.

मोठ्या भट्टीवर सकाळी दीड-दोन तास सलग आच चालली की सिलिंडरला बाहेरून घाम येतो, खाली बर्फासारखा पांढरा थर बसतो आणि ज्योत मंद होते. गॅस संपलेला नसतो. आतल्या द्रवाचा वायू व्हायला उष्णता लागते, ती बाहेरून पुरेशी मिळत नाही म्हणून दाब पडतो. लोक सिलिंडर आडवा करतात किंवा गरम पाण्यात उभा करतात. दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या, म्हणजे ओढ वाटली जाते. आणि गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. म्हणून वर एक्झॉस्ट असला तरी खाली जाळी हवीच.

आमटी सगळ्यात आधी करून ठेवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि घरच्या सवयीतून येते.

असं होतं. आठला आमटीला फोडणी देऊन गॅस बंद. पोळ्या संपायला साडेदहा होतात. तोवर पातेलं झाकून कोपऱ्यात. डब्यात भरताना आमटी ५० अंशांवर आलेली असते, हाताला मात्र कढतच वाटते. डबा बंद होतो, पिशवी गाडीच्या हँडलला लटकते, बाहेर ४२ अंश. होटगी रोडवरच्या ऑफिसात दीडला झाकण उघडतं तेव्हा वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. डाळ शिजून साडेपाच तास झालेले असतात.

जिवाणू ५ ते ६० अंशांच्या मध्ये वाढतात. त्या पट्ट्यात अन्न चार तासांपेक्षा जास्त राहिलं तर ते टाकायचंच, चाखून ठरवायचं नाही. भाताचं तर आणखी वाईट. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू उकळीतूनही वाचतात आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून कालचा भात आज फोडणीचा करून डब्यात घालण्याचा विचारही नको.

क्रम उलटा करा. रात्री शेंगाचटणी आणि निवडणं-चिरणं. सहाला कणीक, मग पोळ्या आणि भाकऱ्या. साडेआठला सुकी भाजी. आमटी आणि भात शेवटी, साडेनऊच्या पुढे. आमटी उकळती असतानाच डब्यात भरा. डबा आधी गरम पाण्याने धुवून घेतला तर पहिल्या मिनिटात पडणारे आठ-दहा अंश वाचतात. टोकदार सुईचा थर्मामीटर घ्या. भरताना ८०, शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हातात ६० च्या वर. आठवड्यातून एकदा एक जादा डबा शेवटपर्यंत फिरवून परत आणा आणि मोजा. आकडा कमी आला तर पिशवीला आतून चंदेरी अस्तर लावून घ्या, नाहीतर फेरी लहान करा. मार्च ते जूनपर्यंत ओलं खोबरं, दही घातलेली कोशिंबीर आणि कच्च्या टोमॅटोची चटणी डब्यातून बाद.

उरलेली आमटी ठेवायचीच असेल तर पातेल्यात ठेवू नका. दहा लिटरचं पातेलं मध्यभागी तासन् तास कोमट राहतं. परातीत दोन इंच जाडीने पसरा, खाली बर्फाचं पाणी ठेवा, दोन तासांत २१ अंशांच्या खाली आणा आणि मगच फ्रिजमध्ये.

चार जणांचं माप दहाने गुणणं

मोठ्या पातेल्यात वाफ त्या मानाने कमी जाते. पाणी, मीठ, तिखट दहापट केलं की आमटी पातळ आणि खारट होते. सातपटीवर थांबा, चाखा, मग वाढवा. दाण्याचं कूट घातलेली आमटी डब्यात बसून दाटते, तेव्हा भरताना ती थोडी सैलच हवी.

काही मापं लिहून भिंतीला चिकटवा. तूरडाळ एक किलो, म्हणजे सुमारे आठ लिटर आमटी, डब्याला २०० मिली. गव्हाचं पीठ एक किलो, म्हणजे ४० ग्रॅमच्या गोळ्याने चाळीस पोळ्या. ज्वारीचं पीठ एक किलो, दहा ते बारा भाकऱ्या. मेथी निवडल्यावर निम्मीच उरते, फ्लॉवरचंही जवळजवळ तसंच. भाजीचा भाव बाजारात विचारलेल्या किलोवर नाही, कढईत पडलेल्या किलोवर काढा.

भाकरी थापताना चिरत असेल तर हाताला दोष देऊ नका, पीठ जुनं असतं. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, आठ-दहा दिवसांत जाते. चांगली मालदांडी ज्वारी असली तरी जाते. आठवड्यापुरतंच दळा आणि मळताना आधणाचं पाणी घाला. एका तव्यावर एक बाई तासाला वीस-पंचवीस भाकऱ्या करते. चाळीस डब्यांना ऐंशी लागतात, म्हणजे सव्वातीन ते चार तास गेले. बाई न सांगता राहिली की सगळं कोलमडतं. अशा दिवसासाठी कडक भाकरीचा साठा ठेवा. ती नीट वाळलेली असली तर आठवडाभर सहज टिकते आणि सोलापूरचं गिऱ्हाईक आमटीबरोबर कुस्करून आनंदाने खातं. पुण्याच्या डबेवाल्याला ही सोय नाही.

पोळी गरम गरम डब्यात रचली की वाफेने ओली होते, खालची तर चिकटते. जाळीवर किंवा सुती कापडावर पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मगच घडी घाला.

शेंगदाणे घेताना मूठभर फोडून बघा. काळसर, बुरशी आलेले दाणे भाजल्यावर दिसत नाहीत, पण त्यांतलं विष भाजून पूर्ण जात नाही. चटणीला खवट वास आला की पुन्हा परतून उपयोग नाही.

मालकाचा परवाना आपलाच समजणं

किचनमालकाचा अन्न सुरक्षा परवाना तुमचा होत नाही. त्याच पत्त्यावर तुमच्या नावाची नोंदणी फॉसकॉस या अन्न सुरक्षा परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर करा. भाडेकरार, मालकाची संमती आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल हाताशी ठेवा, काम करणाऱ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रंही. चौदा अंकी क्रमांक भिंतीवर आणि बिलावर हवा. जागा बदलली की नोंदणीचंही पुन्हा बघायचं. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, नुसत्या स्टँपपेपरवर भागवू नका.

किचनमध्ये दुसरी पाळी मटणाची असेल तर शाकाहारी गिऱ्हाइकाला ते विचारल्यावर नाही, आधीच सांगा. तवे, झारे, चिरायच्या फळ्या वेगळ्या आणि कुलपात. इथे बरीच गिऱ्हाइकं याच एका गोष्टीवर सुटतात.

फेरी आणि खाडे

केगावचं विद्यापीठ आणि होटगी रोड एका फेरीत बसत नाहीत, ती शहराची दोन टोकं आहेत. एक मुलगा दीड तासात पंचवीस डबे देतो. सुरुवातीला एकच बाजू धरा: सात रस्ता, विजापूर रोड, जुळे सोलापूर. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते वळवले जातात, तेव्हा अर्धा तास आधी निघा.

स्टीलचे डबे माणशी दोन संच लागतात, वर चार जादा. तळाला नंबर कोरून घ्या, नाव नको, गिऱ्हाईक बदलतं.

खाड्यांचा नियम पहिल्याच दिवशी लिहून द्या: आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तरच खाडा, महिन्याला चार, पुढच्या महिन्यात नेता येणार नाहीत. एकादशी आणि श्रावणी सोमवारचं आधीच विचारून घ्या. त्या दिवशी उपासाचा डबा हवा की खाडा, हे आदल्या संध्याकाळी कळलं तर साबुदाणा वेळेवर भिजतो.